ब्रॅकेटेड पेस्ट: काही महिने वापरल्यानंतर

सर्व्हरवर काही बसवताना कमांड हातानं टाइप करणारे आता विरळाच. वेबवरून पाच-सहा ओळी उचलायच्या, टर्मिनलमध्ये पेस्ट करायच्या. जुन्या बॅशमध्ये (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम) यात एक गोम होती. ओळीअखेरचा एंटरही सोबत येतो, त्यामुळे नजर फिरवायच्या आतच पहिली कमांड सुटते. ती एपीटीची (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवणारं-काढणारं साधन) असेल आणि तिनं 'पुढे जाऊ का?' विचारलं, तर तुमची पुढची ओळ ती उत्तर समजून गिळते. तिथं भलतंच काही दिसलं की काम रद्द, हे एक वेळ परवडलं. पण मध्ये रिकामी ओळ असेल तर ती चक्क 'हो' धरली जाते, आणि कुठली पॅकेजेस काढली जाणार ही यादी वाचायची राहून जाते.

आमचे जुने सर्व्हर उबुंटू २०.०४ चे. पेस्ट केलेलं लगेच न चालवता थांबवून धरणारी सोय म्हणजे ब्रॅकेटेड पेस्ट. तिथल्या बॅश ५.० मध्ये ती आहे, पण बंद असते. होम फोल्डरमधल्या डॉट इनपुटआरसी (.inputrc) या सेटिंग्जच्या फाइलमध्ये एक ओळ टाकून चालू केली. २२.०४ वर बॅश ५.१ असल्यानं काहीच करावं लागलं नाही.

आता पेस्ट केलेलं सगळं एंटरची वाट बघत थांबतं, आणि ५.१ मध्ये ते उठूनही दिसतं. बाणांनी फिरून आवृत्ती, होस्टनेम बदलता येतं. एंटर दाबल्यावर सगळ्या ओळी बॅशकडे एकगठ्ठा जातात, म्हणून एपीटीच्या प्रश्नात त्या सांडत नाहीत. मजकूर लांबलचक असेल तर कंट्रोल-एक्स, कंट्रोल-ई दाबून एडिटरमध्ये उघडतो. फक्त जपून, एडिटर बंद करताच तो चालतो. नको असेल तर सगळं पुसून, सेव्ह करून बाहेर पडायचं. 'नक्की ना?' विचारणाऱ्या प्रश्नांपेक्षा मला हे फार आवडलं. त्या प्रश्नांना वाय दाबायची बोटांना सवय झालेली असते.

उणिवाही आहेत. पहिली कमांड फसली तरी पुढच्या धावतात. पहिली जमली तरच पुढची चालावी असं हवं तर मध्ये दोन अँपरसँड (&&) आपणच घालायचे. इन्स्टॉलर स्वतः पासवर्ड किंवा डेटाबेसचं नाव विचारू लागला की हे संरक्षण सहसा संपतं. एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी जोडणी) मध्येच तुटलं तर नंतरच्या पेस्टला २००~ असला कचरा चिकटू शकतो, मी सरळ नवी खिडकी उघडतो. आणि नेटवरची स्क्रिप्ट कर्ल या साधनानं उतरवून थेट बॅशमध्ये ओतायची ती एक ओळ असते ना, तिच्यापुढे हे हतबल. दिसते ती ओळ, चालतं भलतंच.

इनपुटआरसी प्रत्येक युजरची वेगळी असते, तेव्हा रूटसाठी (सर्वाधिकार असलेला युजर) स्वतंत्रपणे तपासा.