लाकडी बाणांचा ‘एकसारखा डझन’ : व्हिडिओ बघून पैसे देऊ नका

लाकडी बाण ऑनलाइन मागवणार असाल तर आधी हे वाचा. तक्रार चालू आहे, म्हणून विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. त्याची युक्ती मात्र सगळ्यांना कळायला हवी.

माझं धनुष्य लाकडी, 28 इंच ओढायला 40 पौंड जोर लागणारं. बाण ठेवायला मुठीत खाच कापलेली नाही. अशा धनुष्यातून सुटलेला बाण आधी वाकतो, मुठीला वळसा घालतो आणि मग सरळ होतो. तो किती वाकणार हे बाणाच्या काडीच्या ताठपणावर, म्हणजे स्पाइनवर ठरतं. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा जास्त ताठ बाण डावीकडे जातो, जास्त लवचिक उजवीकडे. डझनभर बाणांत ताठपणा वेगवेगळा असेल तर कितीही सराव करा, एका जागी लागणार नाहीत.

विक्रेत्याने सांगितलं, ‘पोर्ट ऑर्फर्ड सीडरचं लाकूड, 40-45 पौंड स्पाइन, वजनात अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही.’ डझनाचे 4,800 रुपये. बाराही बाण एकेक करून काट्यावर ठेवल्याचा व्हिडिओ पाठवला. पैसे यूपीआयने गेले, पार्सल शहाद्याला आलं.

मैदानावर बाण दोन्ही बाजूंना उडू लागले. आमच्यात धडगावकडचा एक पावरा आदिवासी मित्र आहे, बांबूचा कामठा (धनुष्य) आणि बांबूच्याच कामटीची दोरी यांवर हात बसलेला. त्याने दोन काड्या हातात घेऊन वाकवून बघितल्या आणि हसून अहिराणीत म्हणाला, “भाऊ, तुले येडा बनाडा त्यानी.”

मग मोजमाप काढलं. फळीवर 26 इंच अंतराने दोन खिळे ठोकले, त्यांवर काडी आडवी ठेवली आणि मधोमध 907 ग्रॅम, म्हणजे दोन पौंड वजन टांगलं. 26 ला काडी जितके इंच झुकते त्याने भागलं की स्पाइन पौंडांत मिळतो. 40-45 स्पाइनची काडी साधारण 16.5 ते 14.7 मिलिमीटर झुकायला हवी. माझ्या काड्या 11 पासून 19 पर्यंत झुकल्या. म्हणजे एकाच डझनात 60 पौंडांचीही काडी आणि 35 च्या आतलीही! वजनासाठी जळगावला मेव्हण्याच्या दुकानात गेलो (खान्देशात सोनाराचा काटा शोधावा लागत नाही). सगळ्यात हलका बाण 22 ग्रॅम, सगळ्यात जड 31.

व्हिडिओ पुन्हा सावकाश पाहिला. पिसांच्या खाली एक काळपट रेघ होती, तीच रेघ पुढच्या प्रत्येक ‘नव्या’ बाणावर. एकच बाण बारा वेळा काट्यावर चढला होता.

सगळ्यात वाईट गोष्ट रंगाखाली होती. पॉलिश पेपरने घासलं तेव्हा दोन काड्यांत लाकडाची रेषा तिरकी जाऊन मध्येच बाहेर पडलेली दिसली. अशी काडी सोडताना तिथेच चिरू शकते आणि लाकडाचा फाळका धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. पोर्ट ऑर्फर्ड सीडर घासला की आल्यासारखा तिखट वास येतो. इथे फक्त रंगाचा वास आला.

फोन केला तर म्हणे, “साहेब, तुमच्याकडचं ऊन जबर, लाकूड हललं असेल.” उन्हाने काडी वाकडी होईल, पण एकाच खोक्यातली एक ताठ आणि दुसरी लिबलिबीत कशी होईल? त्यानंतर फोन बंद.

तुम्ही घ्याल तेव्हा प्रत्येक काडीवर पेन्सिलने स्पाइन आणि वजन लिहून मागा, आणि सगळ्या काड्या एका चौकटीत शेजारी ठेवलेला फोटो मागा. रंगवलेली काडी घेऊच नका. बिल मिळालं तरच पैसे द्या. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली आहे, मोजमापांचे फोटो जोडले आहेत. पैसे अजून आलेले नाहीत. त्या दोन तिरक्या काड्या मोडून टाकल्या. उरलेल्यांतल्या जुळणाऱ्या चारांवर सराव चालू आहे.