संतांच्या खुणांचा कार्ड सेट: घ्या, पण झावळीवर विसंबू नका

जुन्या ख्रिस्ती चित्रांत सगळे संत एकसारखेच वाटत असतील तर हा सेट घ्याच, संताजवळ कुठली खूण दिसते त्यावरून तो कोण हे कसं ओळखायचं ते यातली कार्डं सांगतात. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे कार्डं नावांच्या क्रमानं नाही लावलेली, ज्यांच्यात हमखास घोळ होतो ते संत शेजारी शेजारी दिलेत.

ड्रॅगनवालं कार्ड तर फारच भारी. ड्रॅगन मुख्यतः तिघांकडे असतो, देवदूत मायकल, जॉर्ज आणि मार्गारेट, आणि पहिले दोघं बऱ्याचदा चिलखतातच असतात त्यामुळे चिलखत बघून काही कळत नाही, पंख असले (आणि हातात तराजू असला तर प्रश्नच नाही) की मायकल, घोड्यावर बसून भाला मारतोय तो जॉर्ज. मार्गारेटला ड्रॅगननं गिळलं आणि ती क्रूसाच्या जोरावर त्याचं पोट फाडून बाहेर आली अशी कथा, म्हणून ती कधीकधी चक्क त्याच्या पाठीतून वर येताना दिसते. ही कथा कार्डावर आहे हे फार बरं केलंय, कथा माहीत असली की खूण विसरत नाही.

अँथनी दोन आहेत. डुक्कर, घंटा आणि टी आकाराची काठी घेतलेला म्हातारा इजिप्तचा, बाळ येशू आणि लिली घेतलेला तरुण फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या पंथातला साधू) इटलीतल्या पादुआचा.

आता खटकलेलं. हुतात्म्यांच्या कार्डांवर खजुराची झावळी मोठ्ठी काढलीय, पण झावळीवरून एवढंच कळतं की हा माणूस श्रद्धेसाठी मेला, कोण ते नाही कळत. स्टीफन आणि लॉरेन्स दोघंही तरुण, दोघंही डीकनच्या (चर्चमधल्या धर्मगुरूच्या खालच्या सेवकाच्या) झग्यात, तिथं दगड का लोखंडी जाळी तेच बघावं लागतं, दगड असले तर स्टीफन, जाळी असली तर लॉरेन्स. लंडनच्या नॅशनल गॅलरीत चित्रकार क्रिवेल्लीचा १४७६ चा स्टीफन आहे, त्याच्या डोक्या-खांद्यावर दगड ठेवलेत, एकदा बघितला की कायमचा लक्षात राहतो.

दुसरं म्हणजे प्रत्येक खुणेचं एकच रूप दिलंय. संत लूसीची खूण म्हणजे काढलेले डोळे, ते फक्त ताटलीत दाखवलेत, पण चित्रकार फ्रान्चेस्को देल कोस्साच्या लूसीच्या हातात ते फुलासारखे देठावर आहेत, आणि संत अगाथाकडेही ताटलीच असते, तिच्यात कापलेले स्तन. तेव्हा ताटली दिसली म्हणून लूसी म्हणायचं नाही, आत काय आहे ते बघायचं. पुढच्या आवृत्तीत लूसी-अगाथा एकाच कार्डावर घ्या, आणि झावळी कोपऱ्यात बारीक काढा.