थालीपीठ उत्तम, दरपत्रक प्रामाणिक: सनीव्हेलच्या एका छोट्या मराठी उपाहारगृहाविषयी

कॅलिफोर्नियातील सनीव्हेलमध्ये एल कॅमिनो रियल या रस्त्याच्या जवळच एक मराठी उपाहारगृह आहे. मालकीणबाईंच्या विनंतीवरून त्याचे नाव येथे देत नाही. तेथे मी २०१८ पासून जातो, आणि २०२५ च्या उन्हाळ्यातील तीन भेटींनंतर हे लिहीत आहे. सात माणसे कामाला, बारा टेबले, पाणी आपले आपण घ्यायचे. थालीपीठ भाजणीचे, कडेने कुरकुरीत आणि वर खरोखरीच्या लोण्याचा गोळा. मिसळीची तर्री झणझणीत असली तरी फरसाण दोनदा मऊ पडलेले मिळाले. साबुदाण्याच्या खिचडीबद्दल न लिहिलेले बरे.

२०१८ मधील पहिल्या भेटीत ११ डॉलरला मिळालेली मिसळ आता १५ डॉलरला आहे. ही वाढ किमान वेतनामुळे झाली, असे शेजारच्या टेबलावर ठामपणे सांगितले जात होते, म्हणून मी हिशेब करून पाहिला. सनीव्हेल शहराचे किमान वेतन जानेवारी २०१८ मध्ये ताशी १५ डॉलर झाले आणि जानेवारी २०२५ मध्ये १९ डॉलर, म्हणजे वाढ सुमारे २७ टक्के. मिसळ मात्र ३६ टक्क्यांनी महागली. पदार्थाच्या किमतीत मजुरीचा वाटा हा एक भाग असतो, त्यामुळे भाडे, तेल आणि डाळी यांचे ओझेही आचाऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मालकीणबाईंनी स्वतःच भाड्याचे नाव पहिले घेतले.

लहान धंद्यांना कायद्याने सवलत दिली होती ना, असे पुष्कळजण विचारतात. राज्याच्या २०१६ च्या कायद्यात ती खरोखर होती: २६ किंवा अधिक कामगार असलेल्यांनी जानेवारी २०२२ पर्यंत १५ डॉलरपर्यंत पोहोचायचे आणि २५ किंवा कमी कामगार असलेल्यांनी एक वर्ष मागून यायचे. प्रत्यक्षात महागाई इतकी वाढली की जानेवारी २०२३ मध्ये लहानमोठ्या सर्वांना एकदमच साडेपंधरा डॉलरचा दर लागू झाला. सनीव्हेलच्या दरात तर लहान-मोठा हा भेदच नाही आणि तो राज्याच्या दरापेक्षा वरचा असल्याने तोच द्यावा लागतो, त्यामुळे या सात माणसांच्या स्वयंपाकघराला ती एका वर्षाची उसंत कधी मिळालीच नाही. महाराष्ट्रात किमान वेतन धंदा, परिमंडळ आणि कुशल-अकुशल यांवरून ठरते, त्यामुळे माणसे मोजून दर ठरवण्याची ही कल्पना मला सुरुवातीला फार शहाणपणाची वाटली होती.

खरा पेच एप्रिल २०२४ नंतर आला. देशभरात किमान ६० शाखा असलेल्या फास्ट फूड साखळ्यांना त्या महिन्यापासून कॅलिफोर्नियात ताशी २० डॉलर द्यावे लागतात. एखाद्या फ्रँचायझीचालकाचे दुकान एकच असले तरी मोजणी साखळीची होते. कायदा मोठ्यांसाठी, पण त्याची झळ शेजारच्या लहानांनाही लागते. मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘समोरच्या बर्गरवाल्याकडे वीस मिळतात, मग मी एकोणीस देऊन कुणाला थांबवू?’’ त्या साडेवीस देतात. माझ्या मते याच अर्ध्या डॉलरमुळे तव्यापाशी तीच बाई चार वर्षे टिकून आहे आणि थालीपीठ प्रत्येक वेळी सारखेच जमते. शाखा मोजून सूट देणाऱ्या कायद्याला मजूर कुठे जाईल हे ठरवता येत नाही, असे म्हणून मला तो कायदा मोडीत काढायचा नाही; बर्गर तळणाऱ्यालाही याच शहरात घरभाडे भरायचे असते.

आता तक्रारी. रविवारी दुपारी गर्दीच्या वेळी काउंटरवर एकच माणूस असतो आणि आम्हाला पस्तीस मिनिटे थांबावे लागले. पैसे भरताना पडद्यावर टिपचे १८, २० आणि २२ टक्क्यांचे पर्याय उमटतात. पाणी मी आणले, ताटे मी उचलली, तेव्हा १८ पासून सुरुवात मला पटली नाही. तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत मालक टिपची रक्कम वेतनात धरून रोख पगार कमी देऊ शकतो, कॅलिफोर्नियात तसे करता येत नाही आणि टिपमध्ये मालकाला हिस्साही घेता येत नाही. येथे वेगळे सेवाशुल्कही लावत नाहीत, फलकावरचा भाव अधिक विक्रीकर एवढेच बिल येते. काही उपाहारगृहांत बिलाच्या तळाशी ‘वेतनवाढीसाठी पाच टक्के’ अशी ओळ असते. त्यापेक्षा पंधरा डॉलर उघड लिहिलेली मिसळ मला बरी वाटते.

दोघांचे बिल टिप धरून ४१ डॉलर झाले. थालीपिठासाठी अवश्य जावे, शक्यतो शनिवारी सकाळी अकराच्या आत, आणि मिसळ मागवल्यास फरसाण वेगळ्या वाटीत द्यायला सांगावे.