जन्मजात नेत्रदोषांची नोंद: आयसीडी-१० ठेवायचं की आयसीडी-११ वर जायचं?

बाळाची बाहुली गोल नाही, खालच्या बाजूला किल्लीच्या भोकासारखी ओघळली आहे. केस पेपरवर मात्र दोनच शब्द: 'जन्मजात कोलोबोमा', म्हणजे डोळ्याच्या एखाद्या भागात जन्मतः राहिलेली फट. आयसीडी, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी, तिच्यातला कोड द्यायला बसलेल्याची (कोडरची) पंचाईत इथूनच सुरू होते.

आयसीडी-१० मध्ये आधी विचारावं लागतं, कोलोबोमा कशाचा? आयरिसचा (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा) असेल तर क्यू१३.०, भिंगाचा क्यू१२.२, ऑप्टिक डिस्कचा (दृष्टीची नस डोळ्याला जोडते त्या जागेचा) क्यू१४.२, फंडसचा (डोळ्याच्या आतल्या मागच्या भागाचा) क्यू१४.८. डोळाच लहान राहिला असेल तर क्यू११.२ वेगळा. गर्भात डोळ्याच्या खालच्या बाजूची एकच फट मिटायची राहून गेली, आणि तिची नोंद अशी पाच ठिकाणी पांगते. शिवाय क्यू१० ते क्यू१५ या अख्ख्या गटात उजवा-डावा नाहीच. एका डोळ्याचा दोष आणि दोन्ही डोळ्यांचा, कोड तोच. बाळाच्या नजरेच्या दृष्टीने यात किती फरक पडतो, हे वेगळं सांगायला नको.

आयसीडी-११ (मंजुरी २०१९, लागू १ जानेवारी २०२२) इथे उजवं ठरतं. पुढच्या भागाचे दोष एलए११ मध्ये, भिंगाचे एलए१२ मध्ये, मागच्या भागाचे एलए१३ मध्ये. म्हणजे विभागणी इथेही आहेच. पण मूळ कोडाला (दोषाच्या मुख्य कोडाला) 'अँड'च्या चिन्हाने (&) बाजू जोडता येते आणि तिरकी रेघ (/) देऊन दोन मूळ कोड एकत्र बांधता येतात. आयरिस आणि फंडस एकाच साखळीत, प्रत्येकाचा डोळा सांगून. अडचण एकच, पण छोटी नाही: ही साखळी लांब होते. सॉफ्टवेअरमध्ये कोडासाठी सात अक्षरांचा रकाना असेल तर ती मधेच तुटणार.

माझं मत विचाराल, तर बिलं आणि दावे आयसीडी-१० वरच चालत असतील तिथे घाई नको. तेच ठेवा, फक्त शेजारी 'कोणता डोळा' हा स्वतंत्र, सक्तीचा रकाना घाला. जन्मजात दोषांची नोंदवही नव्याने सुरू करत असाल, तर सरळ ११ घ्या. जुन्या वर्षांशी तुलना करायची असेल तर काही काळ दोन्ही कोड लिहावे लागतील; काम वाढतं, इलाज नाही.

एक गोष्ट मात्र दोन्हींपैकी कुठलीही पद्धत भरून काढत नाही. लहान मुलाच्या मोतीबिंदूपुढे डॉक्टरांनी 'जन्मजात' लिहिलं तर आयसीडी-१० मध्ये क्यू१२.०, नाहीतर एच२६.०. वय पाहून कोडरने अंदाज बांधायचा नसतो, पेपर परत पाठवायचा. फंडसचंही तसंच. 'फंडस नॉर्मल' आणि 'फंडस दिसला नाही' या दोन वेगळ्या नोंदी आहेत, आणि रकाना कोरा सोडला की यातलं काय झालं ते कुणालाच कळत नाही.