इटालियन जॉब: १९६९ चा की २००३ चा?

शिरोलीच्या फाउंड्रीत वजनं उचलणाऱ्या माणसाला दोन्ही सिनेमांत एकच गोष्ट खटकेल: सोन्याचं वजन. जुन्यात चोरतात ते ४० लाख डॉलरचं सोनं. औन्साला ३५ डॉलर हा तेव्हाचा सरकारी भाव धरला, तर ते साडेतीन टन होतं. तीन मिनी गाड्यांत वाटलं की प्रत्येकीत टनाहून जास्त, आणि गाडी स्वतः पाऊण टनाचीही नाही. स्प्रिंगा जागेवर बसल्या असत्या. तरी ती तुरिनमध्ये जिने उतरते, छतांवरून उडते. पण तेच वजन शेवटी कड्यावर लटकलेल्या बसमध्ये कामाला येतं. सोनं मागच्या टोकाला, माणसं पुढे; एक पाऊल मागे टाकलं की तोल गेला. तराजूच तो!

नव्यात व्हेनिसमधली सोन्याची चोरी ३५० लाख डॉलरची, भाव दहापट वाढल्यामुळे वजन साधारण तीन टन. पुढे लॉस एंजेलिसच्या मेट्रोच्या बोगद्यात इंजिनाचा धूर चालत नव्हता, म्हणून चित्रीकरणासाठी काही मिनी विजेवर चालणाऱ्या बनवल्या. कथेत सूड आहे, आखणी घट्ट आहे. मात्र जुन्याची मस्ती त्यात नाही.

रविवारी एकच बघायचा तर जुना.