गावाने चालवलेले पूर मदत केंद्र : तिथे राहिलेल्या एका कुटुंबाचा अभिप्राय

चुलबंद नदी वैनगंगेला मिळते त्या भागात, भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यात आमचे गाव आहे. पूर आला की गावातील जिल्हा परिषदेच्या शाळेत मदत केंद्र सुरू होते आणि ते गावकरी स्वतः चालवतात. त्याच्यामागे कोणतीही मोठी संस्था नाही. बचत गटातील स्त्रिया, आशाताई, ढिवर समाजाचे नावाडी आणि शेतकऱ्यांची तरुण मुले मिळून त्याचा सारा कारभार पाहतात, आणि घरटी पायलीभर तांदूळ व ऐपतीप्रमाणे वर्गणी यांवर ते उभे राहते. गेल्या पावसाळ्यात आमचे कुटुंब या केंद्रात राहिले, जेवले आणि पाणी ओसरल्यानंतरही बरेच दिवस त्याच्या आधाराने सावरत गेले. केंद्राच्या जेवणाची स्तुती सगळेच करतात आणि ती योग्यही आहे. तरी मला विचाराल तर या केंद्राची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे त्याची नोंदवही होय.

हे केंद्र कशातून उभे राहिले, ते बाहेरच्या वाचकांसाठी सांगणे आवश्यक आहे. 2020 च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस मध्य प्रदेशात वैनगंगेच्या वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला, तिकडच्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटले आणि वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचे सर्व 33 दरवाजे उघडावे लागले. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर आणि गडचिरोली या पाचही जिल्ह्यांना त्या पुराने झोडपले. आमच्याकडे वैनगंगा फुगली की चुलबंदचे पाणी पुढे सरकत नाही, ते मागे दाबले जाते आणि आमच्या डोक्यावर पावसाचा थेंब नसतानाही बांद्या, म्हणजे धानाची बांध घातलेली शेते, बुडू लागतात. त्या वर्षी मदत आली नाही असे नाही. मदत भरपूर आली. परंतु ट्रक डांबरी सडकेवरच्या गावांत रिकामे झाले, एकेका घरी बिस्किटांचे पुडे आणि जुन्या साड्यांचे ढीग साचले, आणि आतल्या टोल्यावरील, म्हणजे गावापासून सुट्या वस्तीवरील, माणसांना काडेपेटी मिळेना. कोणाला काय हवे आहे, हे देणाऱ्यांपैकी कोणीही विचारले नव्हते. पाणी उतरल्यावर गावाने प्रार्थना मंदिरात बैठक घेतली आणि पुढच्या पुरापूर्वी आपली यादी आपणच लिहायची, असे ठरवले.

ती यादी दर वर्षी मे महिन्यात नव्याने लिहिली जाते. दोन स्त्रिया आणि एक तरुण घरोघरी जातात आणि माणसांची संख्या लिहून घेण्यावर थांबत नाहीत. घरात गरोदर स्त्री असेल तर तिचा कितवा महिना आहे, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी कोण घेते, कोणाला चालता येत नाही, कोणाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, गोठ्यात ढोरे किती आणि त्यांतली दुभती किती, धान्याची कोठी जमिनीपासून किती उंच आहे, हे सारे त्या वहीत असते. सिकलसेलचा रकाना वाचून बाहेरचे लोक चकित होतात, पण पूर्व विदर्भात हा आजार घरोघरी ओळखीचा आहे. अशा रुग्णाचे अंग भिजून गारठले किंवा पाणी पिणे कमी झाले की त्याला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. आमच्या शेजारच्या मुलीला हा आजार आहे. केंद्रात तिच्यासाठी कोरडा कोपरा, जाड चादर आणि तिच्या गोळ्या आधीच काढून ठेवल्या होत्या. तिच्या आईला कोणापुढे हात पसरावा लागला नाही.

धरणातून विसर्ग वाढवत असल्याचा प्रशासनाचा निरोप आला, तेव्हा याच वहीच्या क्रमाने माणसे हलवण्यात आली. पहिल्या डोंग्यात, म्हणजे लहान होडीत, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसे व आजारी लोक गेले, आणि धडधाकट पुरुष सर्वांत शेवटी गेले. आमच्या घरी आलेल्या मुलाने माझ्या सासऱ्यांना पहिला प्रश्न विचारला तो असा : "काकाजी, ढोरं सोडले का जी?" माझे सासरे घर सोडायला तयार नव्हते ते केवळ बैलांसाठी, आणि त्या मुलाला हे ठाऊक होते. बैल माळावरच्या उंच जागेकडे हाकलले गेल्याचे स्वतः पाहिल्यावरच ते डोंग्यात बसले. सरकारी बचाव पथके निष्ठेने काम करतात याबद्दल मला आदर आहे, तथापि कोणत्या घरातला म्हातारा कशासाठी अडून बसेल, हे त्यांना कळण्याचा मार्ग नसतो.

जेवणाविषयी थोडक्यात लिहिते. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या स्त्रियाच येथे स्वयंपाक करतात, त्यामुळे मोठे गंज, कढया आणि शेकडो माणसांचा अंदाज हे सर्व त्यांच्या हातचे आहे. सरपण ओले होणार हे धरून गॅसची सिलिंडरे आधीच भरून ठेवलेली असतात. पहिल्या रात्री खिचडी होती, नंतर वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, कधी बेसन-भाकर. चव घरच्यासारखी होती आणि वाढताना कोणाची जात किंवा वार्ड पाहिला गेला नाही. सगळे एकाच पंगतीत बसले. तान्ह्या मुलांच्या दुधाची सोय मात्र पहिल्या दिवशी उशिरा झाली. माळावर बांधलेल्या गाईंचे दूध काढून आणता आले असते, हे फार वेळाने सुचले.

पाण्याच्या बाबतीत केंद्राने दाखवलेली शिस्त मी अन्यत्र पाहिलेली नाही. पुरानंतर विहिरीचे पाणी नितळ दिसले तरी ते प्यायचे नाही, हा नियम फलकावर लिहिला होता आणि पाळलाही गेला. टाकीतील प्रत्येक हजार लिटर पाण्यामागे 5 ग्रॅम टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनची) पावडर कालवून टाकायची, अर्धा तास थांबायचे, पाण्यात क्लोरीन उरले आहे का हे दाखवणाऱ्या ओटी चाचणीत पाण्याला पिवळसर रंग आला तरच नळ उघडायचा, हे काम एका बारावीच्या विद्यार्थ्याकडे सोपवले होते आणि त्याने ते कोणाच्याही घाईला न जुमानता केले. बोरिंग पाण्याखाली गेली होती, ती उपसून शुद्ध केल्याशिवाय कोणाला वापरू दिली नाही. आशाताईंनी जलसंजीवनीची पाकिटे वाटताना ती किती पाण्यात विरघळवायची, हे प्रत्येक घरातील एका व्यक्तीकडून वदवून घेतले. साप बिळांतून निघून घरांत शिरतात, म्हणून परतताना टॉर्च आणि काठी बरोबर देण्यात आली आणि सर्पदंश झाल्यास मांत्रिकाकडे न जाता थेट ग्रामीण रुग्णालयात न्यायचे, गाडी कोणाची घ्यायची, हे नावानिशी ठरलेले होते.

आता उणिवांकडे येते, कारण त्या दुरुस्त होण्यासारख्या आहेत. शाळेतील स्वच्छतागृहे मुलांच्या मापाची आणि संख्येने अपुरी आहेत. रात्री तिकडे उजेड नव्हता आणि स्त्रिया एकमेकींना सोबत घेऊन जात होत्या. सॅनिटरी पॅड साठ्यात होते, पण ते पुरुषांच्या ताब्यातील खोलीत ठेवल्यामुळे अनेकींनी मागितलेच नाहीत. ही चूक एका कुलपाची किल्ली बचत गटाकडे देऊन सुटते. ढोरांसाठी उंच जागा होती, पण चारा कमी पडला. भिजलेले तणस (धानाचा पेंढा) काळे पडून बुरशी धरते आणि ते खाऊन जनावर आजारी पडते, म्हणून कोरड्या तणसाची गंजी माळावर आधीच रचायला हवी होती. घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी मात्र पावसाळ्यापूर्वी दिलेल्या होत्या, त्यामुळे मोठे नुकसान टळले. नाल्यापलीकडचा टोला या वेळीही मागे राहिला. तेथे पहिले जेवण दुसऱ्या दिवशी पोहोचले, आणि 2020 नंतर उभ्या राहिलेल्या केंद्राबाबत ही गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. तिकडे एक डोंगा आणि आठवड्याचा शिधा जूनपासूनच ठेवला पाहिजे.

बाहेरून मदत घेऊन येणाऱ्यांविषयीही एक स्पष्ट शब्द लिहिते. शिध्याची पिशवी हातात देताना छायाचित्र काढण्याचा आग्रह एका गटाने धरला. केंद्रातील स्त्रियांनी त्यांना नम्रपणे पण ठामपणे नकार दिला आणि सामान साठ्यात जमा करून त्याची पावती दिली. आलेली प्रत्येक वस्तू आणि खर्च झालेला प्रत्येक रुपया रोज संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर लिहिला जात होता, त्यामुळे पावती घेणाऱ्यांचाही मान राहिला.

पाणी ओसरल्यानंतर बहुतेक ठिकाणची मदत संपते, परंतु आमच्या केंद्राचे दुसरे काम तेव्हा सुरू झाले. पिकाचे 33 टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान असेल तरच शासकीय अनुदान मिळते आणि केंद्र सरकारच्या 2022 ते 2026 साठीच्या निकषांप्रमाणे जिरायती पिकासाठी दर हेक्टरी 8,500 रुपये होता, ओढकामाच्या बैलासाठी 32,000 आणि दुभत्या जनावरासाठी 37,500 रुपये होते. या गोष्टी बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत नसतात. केंद्रातील मुलांनी बुडालेल्या बांद्यांची छायाचित्रे काढून ठेवली, तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला आले तेव्हा ही मुले धुऱ्याधुऱ्याने (बांधाबांधाने) त्यांच्याबरोबर फिरली, आणि यादीत नाव आल्यावर म्हाताऱ्यांना सेवा केंद्रावर नेऊन त्यांचे ई-केवायसी करून दिले. मेलेल्या जनावराला घाईने पुरू नका, आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला घ्या, हे त्यांनी दवंडी देऊन सांगितले, आणि दोन घरांचे पैसे केवळ त्यामुळे वाचले. पीक विम्याच्या बाबतीत मात्र ते फारसे काही करू शकले नाहीत, कारण धान हे पाण्यातले पीक असल्याचे कारण देऊन प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या 2018 च्या सुधारित नियमावलीत शेत जलमय झाल्याच्या वैयक्तिक दाव्यांतून ते वगळण्यात आले होते. चार दिवस चिखलपाण्याखाली दबलेले रोवणे (लावलेली धानाची रोपे) कुजते, हे ज्याने पाहिले आहे त्याला हे कारण पटणार नाही.

याच टप्प्यावर ठेक्याने शेती करणारे आणि भूमिहीन मजूर यांचा प्रश्न समोर आला. सातबारा ज्याच्या नावावर त्याला अनुदान, आणि बियाणे-खताचा खर्च करून रोवणी करणाऱ्याच्या हाती काहीच नाही. ढिवरांची जाळी वाहून गेली, मजुरांची निंदणाची मजुरी बुडाली. नोंदवहीत ही सारी घरे होती, म्हणून गावाच्या निधीतून पहिला शिधा आणि पहिली रोख मदत त्यांना देण्यात आली. काही जमीनमालकांनी या क्रमाला हरकत घेतली होती. माझ्या मते तो क्रम योग्य होता आणि तो लेखी नियम म्हणून वहीच्या पहिल्या पानावर घातला पाहिजे.

ऑक्टोबरमध्ये केंद्राने लाखोळी (लाख डाळ), जवस आणि हरभरा यांचे बियाणे वाटले. ज्यांचे धान गेले होते पण जमिनीत ओल होती, त्यांना याचा सर्वाधिक उपयोग झाला. आमच्या दोन बांद्यांत त्या बियाण्याची लाखोळी झाली, आणि ठरल्याप्रमाणे घेतले तेवढे बियाणे आम्ही परत जमा केले.

नदीकाठच्या इतर गावांना मी हे केंद्र पाहून जाण्याची मनापासून शिफारस करते. पुराच्या दिवसांत येऊ नये, तेव्हा कोणाला बोलायला सवड नसते. मे महिन्यात, वही नव्याने लिहिली जात असताना यावे आणि घरोघरी फिरणाऱ्या त्या दोन स्त्रियांबरोबर एक दिवस चालावे. कोणते प्रश्न विचारायचे आणि कोणते सर्वांसमोर विचारायचे नाहीत, हे त्या उत्तम सांगतात.