डब्यावर '२०० वॅट', आत पोकळ नळ्या

पहिल्यांदाच स्वतः कॉम्प्युटर जोडणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. प्रोसेसर, मदरबोर्ड घेताना आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरचा नंबर शेवटी लागतो, तोवर बजेटही आटलेलं असतं, आणि फसवणारे नेमके तिथेच टपून बसलेले असतात.

माझा प्रोसेसर इंटेल कोअर आय-७ १२७००के. याच्याबरोबर कूलर येत नाही, वेगळाच घ्यावा लागतो. याची बेस पॉवर १२५ वॅट असली तरी टर्बोमध्ये, म्हणजे जास्तीत जास्त वेगाने चालताना, तो १९० वॅटपर्यंत जातो. हे आकडे सांगूनच मी विक्रेत्याला विचारलं होतं. त्याने सहा हीटपाइपचा, म्हणजे उष्णता वर नेणाऱ्या सहा नळ्यांचा, उभा टॉवर कूलर सुचवला. डब्यावर ठळक अक्षरांत '२०० वॅट टीडीपी', म्हणजे एवढ्या वॅटची उष्णता हा कूलर हटवतो असा दावा. "बिनधास्त घ्या, तुमचा प्रोसेसर आरामात सांभाळेल," असं त्याने मेसेजमध्ये लिहूनही दिलं. कूलर हातात हलका लागला तेव्हा म्हणाला, नळ्यांवरचे पातळ पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, हलका असणारच.

जोडणी झाली, विंडोज चढलं. काहीही काम चालू नसताना तापमान सत्तरच्या घरात. प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी लोड टेस्ट लावली तर काही सेकंदांत १०० अंश. या प्रोसेसरची कमाल मर्यादाच १०० आहे. तिथे पोहोचला की तो जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. म्हणजे ज्या वेगासाठी पैसे मोजले, तोच मिळत नव्हता.

विक्रेत्याची उत्तरं ऐकण्यासारखी होती. आधी म्हणाला, सॉफ्टवेअर चुकीचं दाखवतंय. मग, तळाची प्लास्टिकची फिल्म काढली नसेल. ती काढली होती, फोटो पाठवला. मग, प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावायची पेस्ट नीट लागली नसेल. कूलर उतरवून पेस्टचा ठसाही दाखवला, सगळीकडे सारखा पसरलेला. शेवटी त्याने खरं अस्त्र काढलं: एकदा बसवलेला माल परत घेत नाही.

मला शंका आली ती हात लावल्यावर. टेस्ट थांबवून, मशीन बंद करून लगेच पाहिलं. तळाशी बोट टेकवत नव्हतं आणि वरचे पत्रे मात्र खोलीइतकेच थंड. चांगल्या कूलरमध्ये असं होऊच शकत नाही. हीटपाइप म्हणजे दोन्ही टोकं बंद केलेली तांब्याची नळी. आतली हवा काढून थोडंसं पाणी घातलेलं असतं आणि भिंतीला आतून सच्छिद्र थर किंवा बारीक खाचा असतात. गरम टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ थंड टोकाला जाऊन पाणी होते आणि त्या थरातून पुन्हा खाली येते. म्हणून उष्णता क्षणात वर पोहोचते, भरीव तांब्यापेक्षाही कितीतरी लवकर.

मित्राकडे एक जुना, चांगल्या कंपनीचा कूलर होता. दोन्ही कूलरचे पंखे काढले आणि तळ गरम पाण्यात बुडवले. मित्राच्या कूलरच्या पाइपची वरची टोकं बघता बघता इतकी तापली की बोट काढून घ्यावं लागलं. माझ्या कूलरच्या टोकांना काहीच नाही. याचा व्हिडिओ पाठवला, तर विक्रेत्याने उत्तर देणंच बंद केलं. मग मी लोखंड कापायच्या करवतीने एक नळी कापली. वरचा तांबूस रंग हा नुसता मुलामा, आत पांढरंशुभ्र अ‍ॅल्युमिनियम. नळी पोकळ, भिंत गुळगुळीत, पाण्याचा टिपूस नाही. पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

डब्यावरच्या वॅटच्या आकड्याला कुठलंही समान मानक नाही, प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने ठरवते. नॉक्टुआसारखी कंपनी तर वॅट सांगण्याऐवजी स्वतःचं वेगळं रेटिंग आणि कोणता कूलर कोणत्या प्रोसेसरला चालेल याची यादी देते. त्यामुळे तुमचाच प्रोसेसर, निदान तेवढेच वॅट लावून कुणीतरी स्वतंत्रपणे केलेली टेस्ट शोधा, आणि सोबत पंख्याचा आवाज किती होता तेही बघा. अशी एकही टेस्ट सापडत नसेल तर तो कूलर घेऊच नका.

नावाजलेल्या कंपनीच्या नावाने नकली मालही खपवला जातो. तिथे वजन उपयोगी पडतं. कंपनी ते जाहीर करते: नॉक्टुआचा एनएच-डी१५ पंख्यांसह १३२० ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. तळावर जुन्या पेस्टचे डाग किंवा स्क्रूवर ओरखडे दिसले तर तो वापरलेला माल आहे. डबा उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि बसवण्याआधी गरम पाण्याची चाचणी करा. पंखा काढायचा, फक्त तळ बुडवायचा, नंतर पूर्ण कोरडा करायचा. कूलर आधीच बसवला असेल, तर लोड टेस्टनंतर मशीन बंद करून वरच्या पत्र्यांना हात लावून बघा, आणि हे परतीची मुदत संपायच्या आत करा.